रीहचा खरा आवाज

४ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. नन्सच्या फ्रेंच शाळेत सिस्टर क्लेमाँस झोपण्याआधी लिहायला लावायच्या. म्हणायच्या, दिवसभरात कुठे खोटं वागलात तेवढंच लिहा. माझं पान बहुतेक कोरं असायचं. आजही तसं काही नाही, पण घडलंय मोठं.

रीहवर सिनेमा येतोय! आखातातली कंपनी, ऑफिस इथे बैरुतमध्ये, शूटिंग जॉर्डनच्या वाळवंटात. बातमी सोलांजने वाचून दाखवली. सोलांज माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडे असते आणि माझीच कॉफी पीत मला टोमणे मारते. म्हणाली, "ओडेत, तुझं कार्टून आलं बघ."

कार्टून म्हणे. लढाईच्या वर्षांत बैरुतच्या अश्रफिये भागातल्या एका तळघरात आम्ही त्या जपानी मालिकेला अरबी आवाज दिले. रीह म्हणजे वारा, त्या नायिकेचा आवाज माझा. वर तोफगोळे पडायचे, साउंडवाला आंत्वान हात वर करायचा, आम्ही सगळे गप्प. जरा शांत झालं की पुन्हा माझी आरोळी, "वाऱ्या, मला उचल!" मोरोक्कोपासून इराकपर्यंत अख्खी पिढी माझ्या तोंडून शुद्ध अरबी शिकली. ती अरबी घरात कुणी बोलत नाही. बातम्या, प्रवचनं आणि कार्टून, एवढ्यातच ती ऐकू येते. मुलं स्वयंपाकघरात येऊन म्हणायची, "हे माते, मी क्षुधित आहे," आणि आया हसून बेजार व्हायच्या.

माझा चेहरा मात्र कुणी पाहिला नाही. भागाच्या शेवटी नावंसुद्धा दाखवत नसत, जाहिरात लागायची.

मला काही नको. पण बोलावणं आलंच तर तयार असावं. निश्चय: साखर बंद. रोज जिन्याने चढायचं. (लिफ्टला वीज नसतेच, म्हणजे अर्धा निश्चय झालाच आहे.)

९ फेब्रुवारी, गुरुवार

सोलांजने मला 'रीहची फौज' नावाच्या ग्रुपमध्ये घातलं. मला वाटलं लहान मुलं असतील. सगळे चाळिशीचे, टकले, पोट सुटलेले बाप्ये. त्यांचा म्होरक्या डॉ. हुमाम, अम्मानचा दातांचा डॉक्टर. फोटोत रीहचा निळा झगा अंगावर आणि मागे दवाखान्याची खुर्ची.

भांडण काय, तर रीह कोण होणार. कुवेतवाले म्हणतात ती आखातातली. मोरोक्कोवाले म्हणतात वारा आमच्याकडून सुटतो. कुणी म्हणतं केस पिवळेच हवेत, डोळे निळेच हवेत. जपान्यांनी काढले तसे. इतकी वर्षं पिवळ्या केसांची पोरगी शुद्ध अरबी बोलत होती, तेव्हा कुणी विचारलं नाही तिचं गाव कोणतं.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. डॉ. हुमाम यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "आम्हाला ओरिजिनल रीह हवी!" खाली शेकडो अंगठे.

ओरिजिनल. मी सोलांजला दाखवलं. ती म्हणाली, "बाई, ते केसांबद्दल बोलतायत."

तिला वाचता कुठे नीट येतं चष्म्याशिवाय.

१८ फेब्रुवारी, शनिवार

केस रंगवले. सिनेमासाठी नाही. पांढरे फार दिसत होते. रंग डब्यावर 'मध' होता, डोक्यावर जरा जास्त उतरला. सोलांज म्हणाली, भाजलेलं कणीस दिसतेस. बरोबरच, कणीस पिवळंच असतं.

हल्ली म्हणे भूमिकेसाठी घरीच व्हिडिओ करून पाठवायचा असतो. गच्चीवर केला. निळी चादर पाठीला बांधली, कठड्याशी उभी राहिले, दोन्ही हात पसरले, "वाऱ्या, मला उचल!" तेवढ्यात खालून किराणावाला अबू तोनी ओरडला, "मदाम ओडेत! नको! वीज नाही म्हणून कुणी जीव देतं का! सोलांज, धर तिला!" सोलांजने फोन टाकून मला खरंच कमरेला धरलं. व्हिडिओत पहिल्यांदा मी, मग आकाश, मग अबू तोनीचा आवाज.

तरी पाठवला. माणसाने नैसर्गिक असावं.

३ मार्च, शुक्रवार, दुपारी

फोन आला!! कंपनीतला वाएल. तरुण आहे पण रीतीचा. म्हणाला, "मदाम, तुमच्याशिवाय रीह होऊच शकत नाही. मंगळवारी ऑफिसला याल?" अगदी हेच शब्द. मी म्हटलं, डायरी बघून सांगते. बघितली. मंगळवार मोकळा होता. बाकीचेही होते.

सोलांज विचारते, भूमिका काय म्हणाला? अगं, अशी माणसं फोनवर सांगत नाहीत.

निश्चय: मुलाखती विनयाने द्यायच्या. सगळ्यांत आधी आंत्वानचं नाव घ्यायचं, बिचारा.

७ मार्च, मंगळवार

काय घडलं ते नीट लिहिते, कारण उगाच गैरसमज नको.

ऑफिसात बसले. दार उघडून एक काळी मुलगी आत आली. साधा शर्ट, केस बारीक. हसली. मी कोट तिच्या हातात दिला आणि प्रेमाने म्हटलं, "बाळा, माझी कॉफी कमी साखरेची हं." प्रेमानेच म्हटलं. आमच्याकडे घरकामाला इथिओपियाची त्सेहाय होती, तिलाही मी बाळच म्हणायचे. मुलीने कोट टांगला, गेली, कॉफी घेऊन आली. कॉफी उत्तम. साखर अगदी बेताची.

मग वाएल आला. म्हणाला, "अरे वा, ओळख झालीच! मदाम, ही इबतिहाल. आमची रीह."

मूळची सुदानची. शारजात वाढली. नाटकात कामं केलीत म्हणे. कुणालाही तसंच वाटलं असतं. बैरुतमध्ये कुणालाही विचारा. ती मात्र हसून म्हणाली, "तांत ओडेत, कमी साखर तेवढी लक्षात राहिली ना?" इथल्या मुली मावशीला म्हणतात तसं पहिल्याच दिवशी तांत! मी म्हटलं, कॉफी छान होती.

मला कशासाठी बोलावलं होतं? तिला शिकवायला. रीहची भाषा, रीहचा श्वास, रीहची आरोळी. "ती तुमच्याशिवाय कोण देणार?" वाएल म्हणाला.

होकार दिला. अर्थात हे तात्पुरतं असणार. अशी नवी कल्पना मोठ्या कंपन्यांना सुचते आणि मग त्यांना ती झेपत नाही. त्या वेळी जवळपास कुणीतरी तयार असलेलं बरं.

१५ मार्च, बुधवार

नाव जाहीर झालं आणि फौज पेटली. मी वर्ण वगैरे मानत नाही. आम्हाला सिस्टर्सनी शिकवलंय, सगळी देवाची लेकरं. मी फक्त चित्राबद्दल बोलते. चित्रात ती गोरी होती, एवढं म्हणायला काय हरकत आहे? फौजेत फार वाईट वाईट लिहिलंय. ते मला अजिबात आवडलं नाही. एका पोस्टला माझा अंगठा पडलाय असं सोलांज म्हणते. फोन पुसताना पडला असेल.

२ एप्रिल, रविवार

पहिला धडा. माझ्याच घरी, कारण त्यांच्या ऑफिसचा जनरेटर बंद. इबतिहाल सगळे मजले चढून आली तरी धाप नाही. सोलांजने तिला थाइम लावलेली मनकूश रोटी खाऊ घातली आणि दोघी स्वयंपाकघरात इतक्या हसत होत्या की मला धडा सुरू करायला उशीर झाला.

माझा बेत सरळ होता. अवघड संवाद द्यायचे, जमणार नाहीत, वाएलला हळूच सांगायचं.

तिने आरोळी दिली. मी म्हटलं, "थांब. हा 'र' कुठला? घशातून काय काढतेस? ही काय फ्रेंच आहे?" अरबी र जिभेच्या टोकावर थरथरायला हवा.

ती गोंधळली. म्हणाली, "तांत, मी तर तुमच्याकडूनच शिकले."

मी हसले. तिने फोनवर जुना भाग लावला. माझा आवाज. कोवळा, काचेसारखा. आणि प्रत्येक र घशातून, सिस्टर क्लेमाँससारखा. एकही सुटला नव्हता. आम्ही शाळेत प्रार्थना फ्रेंचमध्ये करायचो, पाढे फ्रेंचमध्ये म्हणायचो. अरबीचा तास आठवड्याला एखादा, तोही झोपेत. तळघरात एक म्हातारे गुरुजी माझ्या कागदावर वाक्य न् वाक्य खुणा करून द्यायचे. र बद्दल ते काही बोलले नव्हते. कदाचित वरच्या गोळ्यांत ऐकू गेला नसेल.

"शाळेत आम्ही सगळ्या असाच र काढायचो," इबतिहाल म्हणाली. "बाई छड्या मारायच्या. आम्हाला वाटायचं, शूर माणसं अशीच बोलतात."

सोलांज दारातून म्हणाली, "सगळ्या अरबस्तानाला नन्सचा र लावून ठेवलास, ओडेत. देव तुला विचारेल."

ती माझी शैली होती. जाणूनबुजून.

२३ एप्रिल, रविवार

ती मुलगी फार मेहनती आहे. हे मी निःपक्षपातीपणे लिहिते.

आज बोलता बोलता म्हणाली, तिने ती मालिका लहानपणी बघितलीच नव्हती. घरी टीव्ही नव्हता. बाप इलेक्ट्रिशियन, दुसऱ्यांचे टीव्ही लावून द्यायचा. कुणीतरी त्याला रीहच्या गोष्टीच्या ऑडिओ कॅसेट दिल्या. ती अंधारात पांघरूण डोक्यावर घेऊन ऐकायची. "मला वाटायचं ती माझ्यासारखीच दिसत असणार. पुढे चित्र बघितलं तेव्हा म्हटलं, ही कोण बया?"

मी म्हटलं, मलाही पहिल्यांदा चित्र बघून तसंच वाटलं होतं. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. तळघरात आम्हाला चित्र नीट दिसायचंच नाही. डोळे मिटून मी जी बघायचे तिचे केस माझ्यासारखे काळे होते.

मग तिने डोळे मिटून आरोळी दिली. सोलांजच्या हातातली किटली तशीच राहिली. माझ्याही अंगावर काटा आला, पण खिडकी उघडी होती.

बेत पुढे ढकलला.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. शूटिंग संपलं. मला कुणी ऐनवेळी बोलावलं नाही.

आज ट्रेलर आला. वाळवंटात इबतिहाल उभी, निळा झगा, आणि आरोळी.

फौजेत तासाभरात चमत्कार. डॉ. हुमाम लिहितात: "मित्रांनो, मी रडलो. चेहरा त्यांनी बदलला, पण आवाज बदलायची छाती झाली नाही. हा ओरिजिनल आवाज आहे! कंपनीने आपलं ऐकलं. या मुलीच्या तोंडात त्यांनी खऱ्या रीहचा आवाज घातला आहे."

म्हणजे माझा.

अबू तोनीने दुकानातून बाहेर येऊन हात जोडले. म्हणाला, "मदाम, अजून तसाच आवाज! गच्चीवरून ओरडलात तेव्हाच ओळखलं होतं." चर्चमध्ये लोकांनी पुढच्या बाकावर जागा दिली. माँट्रियलहून भाच्याचा फोन.

मी कुणाला हो म्हटलं नाही. फक्त हसले. हसण्याला काय अर्थ असतो?

सोलांज म्हणाली, "ओडेत. तो त्या पोरीचा आवाज आहे." मला माहीत आहे. पण शिकवला कुणी?

१९ नोव्हेंबर, रविवार

इबतिहालचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

म्हणाली, मी सगळीकडे सांगतेय की माझाच आवाज आहे. कुणी ऐकत नाही. म्हणतात, काळ्या पोरीला एवढी शुद्ध अरबी कुठून येणार, कंपनीने पढवलंय. "तांत, मी चेहऱ्यावरून शिव्या खाल्ल्या, चालतं. पण आवाज माझा आहे, तोसुद्धा काढून घेतायत. तुम्ही एक वाक्य लिहा ना. तुमचं ऐकतील."

म्हटलं, अगं बाळा, लिहिते की.

निश्चय: उद्या लिहायचं.

२० नोव्हेंबर

वीज नव्हती.

२४ नोव्हेंबर

वीज होती, पण असं घाईत लिहून चालत नाही. शब्द नीट निवडायला हवेत. मुलीचं भलं व्हावं आणि जुन्या माणसांचा मानही राहावा, असं काहीतरी.

२ डिसेंबर, शनिवार

टीव्हीवाल्यांचं बोलावणं! शुक्रवारचा मोठा कार्यक्रम, थेट प्रसारण. पहिल्यांदा माझा चेहरा. आयुष्यात पहिल्यांदा. आता लिहायची गरजच नाही, तिथेच सांगून टाकीन. मुलाखतीच्या शेवटी, योग्य वेळ बघून.

इबतिहालला कळवलं. ती म्हणाली, "खरंच, तांत?" मी म्हटलं, शपथ नको घालूस, सिस्टर्सना आवडायचं नाही.

केस पुन्हा रंगवले. या वेळी 'गहू'.

९ डिसेंबर, शनिवार

काल.

दिवे फार प्रखर होते. डॉ. हुमाम अम्मानहून खास आले होते. झगा घालून. मला बघताच गुडघ्यावर बसले आणि माझा हात डोळ्यांना लावला. प्रेक्षक उभे राहिले. मी तोंड उघडलं होतं, सांगणारच होते. तेवढ्यात निवेदिका म्हणाली, "मदाम ओडेत, आधी ती आरोळी!" आणि सगळा स्टुडिओ ओरडायला लागला, रीह, रीह.

मग मी उभी राहिले. हात पसरले.

जे बाहेर आलं ते म्हातारीचं खोकणं होतं. पुन्हा दिली. पहिलीपेक्षा वाईट. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. डॉ. हुमाम उठले, झग्याची धूळ झटकली आणि फार सभ्यपणे म्हणाले, "बंधूंनो, मी दातांचा डॉक्टर म्हणून सांगतो. या आदरणीय आजींच्या तोंडातून तो आवाज निघणं शक्य नाही. ट्रेलर आपण सर्वांनी ऐकलाय. या खऱ्या रीह नाहीत."

मी म्हटलं, "ट्रेलरमधला आवाज माझा नाहीच! तो इबतिहालचा आहे. मी जुन्या मालिकेतली."

ते म्हणाले, "पण जुना आणि नवा आवाज एकच आहे, आजी. आमच्या कानांना शिकवू नका."

टाळ्या त्यांना पडल्या. जाहिरात लागली.

११ डिसेंबर, सोमवार

फौजेच्या पानावर सगळं खरं लिहिलं. तळघर, आंत्वान, गुरुजी, र, कॅसेट, सगळं. इबतिहालचं नाव मोठ्या अक्षरांत. अर्धा दिवस गेला. खाली उत्तरं: "आजी, प्रसिद्धीसाठी या वयात?" "कंपनीने किती दिले?" "त्या सुदानी पोरीने पाठवलं वाटतं हिला." संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं.

१३ डिसेंबर, बुधवार

सोलांजला अजून काढलेलं नाही. तिच्या फोनवर वाचलं. फौजेने शोध लावला आहे. खरी रीह लढाईच्या शेवटच्या वर्षी वारली. तिने आधीच भरमसाट टेप करून ठेवल्या होत्या, कंपनीने त्याच इबतिहालच्या तोंडात घातल्या. कुणी दमास्कसची म्हणतं, कुणी बगदादची. दिसायला फार सुंदर होती म्हणे. डॉ. हुमाम यांनी श्रद्धांजली लिहिली आहे. भाषा चांगली आहे, एवढं मान्य करायला हवं. खाली मेणबत्त्यांच्या चित्रांची रांग लागली आहे. अल्जीरियापासून कुवेतपर्यंत.

दुपारी इबतिहाल आली. सगळे मजले चढून. मी काही बोलायच्या आत सोलांजने तिला फोन दाखवला. तिने सगळं वाचलं. मला वाटलं रडेल किंवा मला बोलेल. तिचा हक्क होता.

ती म्हणाली, "म्हणजे तांत, आता आपण दोघीही रीह नाही."

मी कॉफी केली. तिची गोड, माझी कमी साखरेची. तिघी फोनभोवती बसून बराच वेळ मेणबत्त्या बघत होतो. नव्या नव्या लागतच होत्या. इतकं प्रेम माझ्यावर कुणी कधी केलं नव्हतं.

शेवटी सोलांजच्या फोनवरून आम्हीही एक लावली.